सरस्वतीसमोर बूट

५ ऑक्टोबर, रविवार

मराठी शाळेत पाटीपूजन. दसरा गुरुवारीच होऊन गेला, पण इथे परदेशात, बॉथेलमध्ये, आमचे सगळे सण रविवारी येतात. चर्चचं तळघर, भाड्याचं. भिंतीवर खिळ्याला सरस्वतीची तसबीर, काचेची, चांगली मोठी. मंडळाच्या अध्यक्षाने, राजनने, पुण्याहून विमानात मांडीवर घेऊन आणलेली. मुलं नटूनथटून आली होती. झब्बे, परकर-पोलकी, आणि सगळी अनवाणी. बूट दाराबाहेर, जिन्याच्या पायथ्याशी. ढीग. वर जायला तो एकच जिना.

निघताना त्या ढिगात मीच अडखळले. एका विद्यार्थिनीच्या आईने, केतकीने, दंड धरला म्हणून वाचले. "काकू, सांभाळून! तुम्ही पडलात तर पुढच्या वेळी भाषण कोण करणार?"

भाषण झालं होतं. भाषा, मुळं, संस्कार. टाळ्या.

गाडीत तो ढीगच डोळ्यांसमोर. डोक्यावर जुन्या विटांचं चर्च, खाली आमची पोरं, आणि हा प्रदेश कधी हलेल याचा नेम नाही. इमारत बदला म्हणून दोन वर्षं ओरडले. भाडं परवडत नाही म्हणाले. हरले. ठीक.

पण बूट?

९ ऑक्टोबर, गुरुवार

लायब्ररीत आज भूकंपाच्या तयारीवर कार्यक्रम. ड्यूटी माझी, खुर्च्याही मीच मांडल्या. शहराच्या ऑफिसातून एक बाई आल्या होत्या. बोलणं रटाळ, स्लाइड्स त्याहून रटाळ. श्रोते म्हणजे काही म्हातारे आणि एक कुत्रा. कुत्रा झोपला.

एक वाक्य मात्र घेऊन आले. पलंगाखाली बूट ठेवा; घर बहुधा उभं राहील, पण खाली काच असेल, आणि अनवाणी माणूस स्वतःच्या घरातच अडकून पडतो.

तीस वर्षं बोलते आहे. कुणाच्या उपयोगी पडेल असं एवढं सरळ वाक्य माझ्या तोंडून एकदाही आलेलं नाही.

घरी येऊन नवऱ्याला, श्रीला, सांगितलं. तो उठला, दोघांचे जुने बूट पलंगाखाली सरकवले. मग म्हणाला, "सोलापूरला तुझ्या आईने हे पाहिलं असतं, तर भूकंप तिनेच केला असता."

१२ ऑक्टोबर, रविवार

कार्यकारिणीची बैठक. विषय मांडला. मागणी एवढीच, की वर्ग चालू असताना मुलांच्या पायात बूट राहू द्या.

मग अध्यक्षमहाराज. राजन, बांद्र्याचा, कुठल्या तरी कंपनीत बराच वर. माणूस मनाने चांगला, म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नाही. "काकू, आयडिया एकदम टॉप आहे यार. पण सरस्वतीसमोर बूट?"

म्हटलं, मग तसबीर काढा.

खोली गारठली. इथेच हरले, ते लगेच कळलं. जीभ.

केतकी खरं तर माझ्या बाजूची. माझ्याच वर्गात तिची ईरा. तीच म्हणाली, "काकू, घरी आम्ही शिकवतो की देवासमोर बूट घालायचे नाहीत. मराठी धड बोलत नाही ती. सणवार रविवारी. जेवण पास्ता. एवढं एकच टिकलंय. तेही सोडायचं?"

उत्तर होतं माझ्याकडे. उत्तरं नेहमीच असतात. पण तिचा आवाज कापत होता, म्हणून गप्प बसले.

ठरलं असं की दिवाळीनंतर सर्वसाधारण सभेत चर्चा. म्हणजे फराळ पचल्यावर.

१९ ऑक्टोबर, रविवार

वर्गात विचारलं, जमीन हलली तर काय करायचं? मराठीत विचारलं, मराठीत उत्तराची अपेक्षा. कसलं काय! "ड्रॉप, कव्हर, होल्ड ऑन!" आणि क्षणात अख्खा वर्ग टेबलांखाली. इथल्या शाळेत याच आठवड्यात ड्रिल झालेलं. मी एकटीच उभी, हातात खडू.

ईरा टेबलाचा पाय घट्ट धरून ओरडली, "काकू, यू टू!"

गेले. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. खालून काय दिसलं ते लिहून ठेवते. तळवे. ओळीने छोटे छोटे तळवे. एकाला बँडएड, एकीच्या नखांना निळा रंग, एकाच्या टाचेला पेनाने काढलेली व्हेल. त्यांना सगळं शिकवलेलं आहे. वाकणं, लपणं, धरून ठेवणं. फक्त पाय आम्ही उघडे ठेवले आहेत.

राजन दारातून डोकावला. "काकू, काय हरवलं?"

२ नोव्हेंबर, रविवार

सर्वसाधारण सभा.

किल्लारीच्या भूकंपाबद्दल आजवर व्यासपीठावरून बोलले नव्हते. कॉलेजच्या तुकडीबरोबर गेले होते. विसर्जन करून दमून झोपलेली गावं, दगडमातीच्या जाड भिंती, पहाटेची वेळ. आज बोलले. सगळं बोलले. अनवाणी बायका दगडांवरून कशा चालत होत्या, शाळेच्या पडक्या भिंतीजवळ आम्ही पाट्या कशा वेचल्या, कुणाच्या आहेत हे विचारायला कुणी सापडेना. आवाज कुठे खाली आणायचा ते माहीत असतं मला. आणला.

बायका रडल्या. राजन रडला. सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

ठराव? उपसमिती.

राजन मिठी मारून म्हणाला, "काकू, काय बोललात! अंगावर काटा. रेकॉर्ड केलंय, ग्रुपवर टाकतो." विचारलं, बुटांचं काय? "होईल हो, काकू. सगळ्यांना बरोबर घेऊन करू."

श्रीने सुचवलेला तोडगाही मांडला. बूट पिशवीत घालून प्रत्येकाच्या खुर्चीला अडकवा, पायात नको. एक मावशी म्हणाल्या, पिशवीतले बूटही बूटच की.

आज कळलं. भाषण ऐकून माणसाचं पोट भरतं. रडला, उभा राहिला, टाळ्या वाजवल्या, त्याच्या हिशेबी काम झालं. मीच त्यांना मोकळं केलं. किल्लारीच्या पाट्या विकून टाळ्या घेऊन आले घरी.

थू.

१६ नोव्हेंबर, रविवार

जमेल तसं लिहितेय.

तिसरा तास. जोडाक्षरं. आधी आवाज आला, ट्रक गेल्यासारखा. मग जमीन सरकली. मुलं खाली गेली. सांगावं लागलं नाही. कुणी किंचाळलं नाही. मीही गेले. ईरा शेजारच्या टेबलाखाली, पाय धरून. माझ्याकडे पाहून अंगठा दाखवला तिने.

थांबलं. लहानसाच होता. मुलं अजून खालीच, शिकवल्याप्रमाणे.

मग आम्ही आलो. म्हणजे आई-बाप. वर चहा घेत होते ते. जिन्यावरून धडाधड खाली, बुटांच्या ढिगावरून, कुणी पडलं, कुणी त्याच्या अंगावरून, आणि आत घुसून ज्याने त्याने आपापलं पोर टेबलाखालून ओढायला सुरुवात केली. त्याच गडबडीत कुणाचा खांदा लागला, की खिळा आधीच ढिला झाला होता, देव जाणे. तसबीर खाली. काच.

मी ओरडत होते, "थांबा! काच आहे! पोरांना हलवू नका!" अख्ख्या मंडळात माझ्याइतका मोठा आवाज नाही. कुणालाही ऐकू गेला नाही.

केतकीने ईराला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दाराकडे धावली. काचेवरून. पोर अनवाणी. केतकीच्या पायात जाड मोजे होते, ती वाचली.

रक्त बघून मग सगळे थांबले.

राजनने उचललं तिला. त्याचा झब्बा लाल. अर्जंट केअरचा दवाखाना. टाके. टाचेतून काच काढताना ती "आई" म्हणाली. मराठीत. तेवढा एकच शब्द.

वरती चहाचा थर्माससुद्धा पडला नव्हता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मंडळाच्या ग्रुपवर सकाळपासून पूर. "देवीने स्वतःवर घेतलं." "तिची तसबीर फुटली म्हणून आपली मुलं वाचली." हात जोडलेले, दिवे, फुलं. कुणीतरी माझ्या किल्लारीच्या भाषणाची क्लिप पुन्हा टाकली. खाली टाळ्यांची चित्रं.

लिहिलं, "मुलं टेबलाखाली होती. सुरक्षित होती." पाठवलं नाही. का नाही पाठवलं?

संध्याकाळी ईराकडे गेले. पाय उशीवर, आयपॅड पोटावर. शिरा नेला होता, ती म्हणाली, "इज देअर रेझिन्स इन इट?" मनुका वेचून बाजूला काढल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय वॉज फाइन, काकू. आय वॉज अंडर द टेबल. देन आई पुल्ड मी आउट."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो बंद झाला. केतकी बाहेर आली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

कार्यकारिणी. धडा शिकलो, म्हणतात. तर निर्णय असे.

नवी तसबीर. आधीपेक्षा मोठी, काच जाड.

आणि बुटांचं कपाट! दाराबाहेर बुटांचा ढीग होता ना, त्यात लोक पडले ना, म्हणून. माणसाच्या उंचीचं, लाकडी, जिन्याच्या पायथ्याशी. राजन देतोय, वडिलांच्या स्मरणार्थ. पितळी पाटी लागणार. भिंतीला बोल्ट मारता येणार नाहीत, चर्चवाले परवानगी देत नाहीत. नुसतं उभं.

म्हटलं, राजन, पुढच्या वेळी हे कपाट जिन्यावर आडवं पडेल. जायला दुसरी वाट नाही.

"काकू, सॉलिड वूड आहे. हलणार नाही."

माझा ठराव? "तोच प्रश्न तर सोडवलाय आपण!"

७ डिसेंबरला दोन्हींचं उद्घाटन. प्रमुख भाषण माझं. विषय: 'सज्जता आणि श्रद्धा'. विषयही त्यांनीच ठरवला.

श्री इतका हसला की खुर्ची धरावी लागली. "वडिलांच्या स्मरणार्थ चपलांचं कपाट! त्या बिचाऱ्यांनी काय पाप केलं होतं?" मग हसू ओसरल्यावर: "बोलायचं तर बोल, सोडायचं तर सोड. पण मला आधी म्हणून दाखवू नकोस. मी टाळ्या वाजवत नाही."

तीस वर्षांत वाजवलेल्या नाहीत, हे खरं आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. बाहेर झिमझिम पाऊस, चार वाजताच अंधारायला लागलेलं. केतकी आली, एकटी. नवरा कंपनीच्या कामाने गावाला, ईरा मैत्रिणीकडे. चहा घेतला नाही. कप नुसता धरून बसली.

"काकू, त्या दिवशी तुम्ही बोलाल ना, तेव्हा... मी ओढलं ते सांगू नका."

मी बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली.

"पुण्याला सासूबाईंना सांगितलंय की तसबीर अंगावर पडली. ह्यालाही तेच. इथे मंडळ सोडून माझं कुणी नाहीये, काकू. सगळे चांगलं वागतात माझ्याशी. देवीने वाचवलं म्हणतात. मला ते... तेवढं राहू द्या."

ती गेली. ज्या बाईने मला सभेत अडवलं, तीच माझ्या हातात सापडली आहे. माझ्या आतल्या वक्त्याला लगेच दिसलं, की हाच तो पुरावा. मूल सुरक्षित होतं, मायेने घात केला, उघड्या पायांनी पुरा केला. दोन वाक्यांत सभा जिंकता येते.

आणि मग काय होईल तेही दिसतं. सगळे केतकीकडे वळतील. बिचारी, घाबरली, तिनेच ओढलं ना, आपण नसतं ओढलं. तिला दोष देऊन मोकळे होतील. तिथे प्रत्येकजण आपापलं पोर ओढत होता, पण रक्त फक्त तिच्या पोरीचं निघालं. कपाट उभं राहील. मुलं अनवाणी राहतील. केतकी मात्र मंडळातून जाईल.

नाव न घेता बोलले तर ते पुन्हा भाषणच. रडतील. उभे राहतील.

तिला "बघू" म्हटलं. किती भिकारडा शब्द.

३० नोव्हेंबर, रविवार

ईरा शाळेत आली. डॉक्टरांनी दिलेला जाड तळाचा बूट, पट्ट्यांचा, एकाच पायात. जिना उतरताना केतकीचा हात.

वर्गाच्या दारातच मावशींनी अडवलं. पिशवीतल्या बुटांवर बोलल्या होत्या त्याच. प्रेमाने, हां. "बाळा, तुझ्या पायात बूट आहे ना, तू इथे दाराशी बस. खुर्ची देते हं. तिकडे देवी आहे."

देवी नव्हती. तसबीर अजून फ्रेमवाल्याकडे. भिंतीवर नुसता खिळा. खिळ्यासमोर बूट चालत नाहीत.

ईरा बसली दाराशी. मांडीवर वही. मग मला विचारलं, मोठ्याने, सगळ्यांसमोर, "काकू, डिड आय डू समथिंग बॅड?"

केतकी जिन्यात उभी होती. तिने ऐकलं. तिचा चेहरा मी पाहिला आणि लगेच नजर वळवली. तो बघण्याचा हक्क मला नाही.

भाषण नाही केलं. माझं टेबल ओढत दाराशी नेलं. जड होतं, कर्कश्श आवाज झाला. फळा नेला. मुलांना म्हटलं, आज वर्ग इथे. त्यांना मजा वाटली, खुर्च्या ओढत आली सगळी. टाचेवर व्हेल काढणाऱ्या चिरंजीवांनी ईराला विचारलं, "कॅन आय साइन युअर बूट?" तिने पेन दिलं. त्याने मराठीत सही केली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं. दुरुस्त केलं नाही.

मावशी दुखावल्या. दुपारी राजनचा फोन: "काकू, थोडं ॲडजस्ट करा ना यार. पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे."

३ डिसेंबर, बुधवार

कपाट आलं. राजनने ग्रुपवर फोटो टाकला. पाटी चकचकीत. जिन्याची निम्मी रुंदी अडवली आहे. खाली सगळ्यांचे नमस्कार आणि "फार सुंदर".

कागद घेऊन बसले. 'सज्जता आणि श्रद्धा'. पहिलं वाक्य लगेच सुचलं, चांगलं होतं, म्हणून फाडलं.

राजीनाम्याचा विचार. पण मग त्या वर्गात टेबलाखाली मुलांबरोबर कोण शिरणार?

७ डिसेंबर, रविवार, सकाळ

कागद कोरा.

चहा होतोय तेवढ्यात केतकीचा मेसेज. "काकू, नाव घ्या."

हातातला कप खाली ठेवला. मग दुसरा: "ईराने काल विचारलं, मी पुढच्या वेळी टेबलाखाली जाऊ की तू येईपर्यंत थांबू? काय सांगू तिला?"

मग तिसरा: "किंवा मीच बोलते. पण मला तुमच्यासारखं येत नाही. रडूच येईल."

श्रीला दाखवलं. चष्मा लावून तिन्ही वाचले त्याने. फोन परत दिला. म्हणाला, "केतकीला माइक धरायला शिकवलंयस का कधी?" आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर.

म्हणजे आज मी उठायचं, माइक हातात घ्यायचा आणि तो तिला द्यायचा. ते जमेल का मला? समोर भरलेला हॉल, आणि मी गप्प. ती उभी राहील. घशात अडकेल. "मी ओढलं तिला" एवढंच येईल कदाचित, तेही अर्धं. कुणाला काय करावं कळणार नाही. तिच्यावर तुटून पडतील, तर मी शेजारी उभी असेन, आणि त्या वेळी मात्र माझा आवाज ऐकू जाईल. किंवा कुणीच काही बोलणार नाही. टाळ्या तरी पडणार नाहीत. टाळ्या पडल्या नाहीत, तर ते वाक्य तिथेच राहील, खोलीत, सगळ्यांच्या पायांत टोचत. मग कदाचित...

आणि ऐन वेळी तिची जीभ वळली नाही तर? माइक माझ्याच हातात असेल तर? ती दोन वाक्यं माझ्याकडे तयार आहेत. देवा, ती फार चांगली आहेत.

केतकीला लिहिलं, "पुढच्या रांगेत बस. ईराला बूट घालून आण, दोन्ही पायांत."

श्री हॉर्न वाजवतोय. माझ्याही बुटांच्या नाड्या बांधल्या, दुहेरी गाठ. दारात मावशी असतील.